फायरफॉक्स + यूब्लॉक ओरिजिन : भाव बघायचा की जाहिराती?

थेट सांगतो, अँड्रॉइड फोन असंल तर फायरफॉक्स ब्राउझर टाका आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, घ्या. एक रुपया लागत नाही. आमच्या घरात आण्णांपासून बारक्यापर्यंत सगळ्यांच्या फोनवर मी टाकून दिलंय.

लातूर मार्केटला आज सोयाबीन काय भावानं गेलं एवढंच बघायचं असतं हो. बाजारभावाची साइट उघडली की तक्त्याच्या आधी पानभर झटपट कर्जाची जाहिरात, तिची फुली इतकी बारीक की आण्णांचं बोट हमखास जाहिरातीवरच पडायचं आणि प्ले स्टोअर उघडायचं, परत मागं यावं तर पान पुन्हा पहिल्यापासून लोड. तेच पान आता फायरफॉक्समध्ये उघडलं की आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण दर, सरळ तक्ता. पानात मधे कुठं मोकळी पांढरी जागा राहती, राहू द्या.

जाहिरात दिसत नाही हा तर वरवरचा फायदा झाला. खरं काम आत चालतंय. पान उघडताना जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो, सेकंदाच्या आत, आणि त्यात तुमचा फोन कोणता, साधारण कुठल्या भागातला, काय वाचायलाय ही माहिती बोली लावणाऱ्या कितीतरी कंपन्यांकडं जाती. गुडघेदुखीवर एकदा काही वाचलं की महिनाभर तेलाच्या जाहिराती मागं लागतात त्या अशाच. पान जाहिरात मागायला बाहेर जी विनंती पाठवतं, ती यूब्लॉक फोनमधून बाहेरच जाऊ देत नाही, त्यामुळं डेटा पण वाचतो. एक्स्टेंशनवर टॅप केलं की या पानावर किती गोष्टी अडवल्या, किती डोमेनशी, म्हणजे वेगवेगळ्या साइटच्या पत्त्यांशी, जोडणी झाली ते दिसतं. एकदा बघाच, साधं भावाचं पान कुठं कुठं बोलायला बघतंय ते कळतं.

क्रोममध्ये का नाही? फोनच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन चालतच नाहीत. कॉम्प्युटरवर चालायचं, पण गुगलनं एक्स्टेंशनचे नियम बदलले आणि २०२५ मध्ये तिथून ओरिजिन बंद पडलं, आता फक्त यूब्लॉक ओरिजिन लाइट ही हलकी आवृत्ती मिळतंय, त्याची ताकद कमी. गुगलच्या मूळ कंपनीचं २०२३ चं उत्पन्न ३०७ अब्ज डॉलर, त्यातले जवळपास २३८ अब्ज जाहिरातींचे. त्यांच्याकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा मी तरी करत नाही. याउलट यूब्लॉक ओरिजिन बनवणारे रेमंड हिल देणगी सुद्धा घेत नाहीत, म्हणतात मदत करायचीच असंल तर काय अडवायचं ते ठरवणाऱ्या फिल्टरच्या याद्या सांभाळणाऱ्यांचा विचार करा. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

टाकायचं कसं तर फायरफॉक्सचा मेनू, एक्स्टेंशन्स, यूब्लॉक ओरिजिनसमोरचं प्लस. नावात ओरिजिन बघूनच घ्या, नुसतं यूब्लॉक हे वेगळ्या लोकांचं आहे.

आता कमी कुठं पडतंय. हे फक्त ब्राउझरपुरतं आहे. यूट्यूबच्या ॲपमधल्या, गेममधल्या जाहिराती तशाच येणार. त्यासाठी सेटिंगमध्ये गुगल, मग ॲड्स, तिथून ॲडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करून टाका. जाहिराती थांबत नाहीत त्यानं, पण सगळ्या ॲपना तुम्हाला ओळखायला मिळणारा एक सामायिक नंबर जातो. भरतीचा फॉर्म किंवा पेमेंटचं पान कधी कधी अडकतं, तेव्हा यूब्लॉकमधलं मोठं पॉवरचं बटण दाबून तेवढ्या साइटपुरतं बंद करायचं आणि पान रिफ्रेश करायचं. आणि जुन्या कमी रॅमच्या फोनवर फायरफॉक्स उघडायला जरा वेळ लावतंय, हे आहे.

कुणी म्हणंल कायदा आलाय की आता. आलाय, डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांवरच्या मुख्य अटी लागू व्हायला त्यापुढं १८ महिने. तोवर तुमच्या फोनची राखण तुम्हालाच करायची आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या छोट्या बातम्यांच्या एक-दोन साइटवर मात्र मी ते मुद्दाम बंद ठेवतो, त्यांचं पोट जाहिरातीवरच आहे आणि पाणीटंचाईची, पीकविम्याची बातमी तेच देतात. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो जुन्या फोनवरच्या वेगासाठी.