हवेचा बूट सांगून फोमचा बूट गळ्यात मारला, ऑर्डर करण्याआधी वाचा

घोट्याला किंवा पावलाला फ्रॅक्चर झालंय आणि डॉक्टरांनी प्लास्टरऐवजी हवेचा वॉकिंग बूट लिहून दिलाय असं कोणी असेल तर ऑनलाइन ऑर्डर टाकायच्या आधी हे वाचा, लांबलंय जरा पण वाचा. कारण या बुटात जी गोष्ट महत्त्वाची ती फोटोत दिसतच नाही आणि विकणाऱ्यांनी नेमकी तिथेच हात मारलाय.

माझं घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड, फिब्युला म्हणतात ते, खालच्या टोकाला क्रॅक झालं होतं. हाड जागेवरच होतं त्यामुळे ऑपरेशन नको, बूट घालून वजन टाकत चाला असं डॉक्टर म्हणाले. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं की उंच बूट, म्हणजे गुडघ्याच्या थोडं खालपर्यंत येणारा, आणि हवेचाच. यात आखूड बूट पण मिळतो, तो साधारण पावलाच्या पुढच्या हाडांसाठी आणि बोटांसाठी देतात, घोट्याला उंचच लागतो बऱ्याचदा. साइज पण बघूनच घ्या, बहुतेक कंपन्यांचा चपलेच्या मापावर तक्ता असतो.

आता हवेचा का, तर बाहेरचं प्लास्टिकचं कवच कडक असतं आणि पाय मात्र रोज बदलतो. सकाळी सूज कमी, संध्याकाळी जास्त, आणि पहिले काही दिवस गेले की एकूणच उतरते. कवच आणि पाय यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या असतात, काही बुटांत पुढे मागे पण असतात, त्या पंपाने फुगवून रोज त्या दिवसाच्या पायाला फिट करता येतात. पाय आत हलत नाही आणि सुजेवर थोडा दाब पण राहतो. पिशवी नसेल तर हा नुसता महागडा प्लास्टिकचा गमबूट.

तर मी घेतला तो साइटवरून, नाव घेत नाही. फोटो झकास, पंपाचा गोळा, हवा सोडायचं बटण, सगळं दाखवलेलं. पार्सल आलं, घातला, गोळा दाबला, दाबल्यावर मऊ होतो नि परत फुगतो, वाटलं चालू आहे. सुरुवातीला पायच इतका सुजलेला होता की बूट आपोआप घट्ट बसत होता, म्हणजे हवा आहे की नाही कळायचा प्रश्नच नव्हता. सूज उतरायला लागली तशी गंमत सुरू झाली. पाऊल टाकलं की टाच आतमध्ये वर उचलली जायची आणि खाली आपटायची, घोटा कवचाला घासायचा. पट्टे आवळले तर पोटरी दुखायची पण टाच तरी हलायचीच. आणि कितीही पंप मारा, फरक शून्य.

फिजिओ मॅडमनी हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, हवा सोडताना फुस्स आवाज येतो का? येत नव्हता. मग त्यांनी आतलं गादीचं अस्तर वेल्क्रोवरून सोडवून बाहेर काढलं. गोळ्यापासून एक बारीक नळी निघत होती आणि बोटभर पुढे गेल्यावर कापलेली, तोंडाला चिकटपट्टी. पिशवीच्या जागी फोमचे दोन तुकडे, कात्रीने वेडेवाकडे कापलेले. त्यांनी अजून एक दाखवलं, वेल्क्रोच्या काट्यांमध्ये करड्या रंगाचे धागे अडकलेले, माझ्याकडे करड्या रंगाचा एकही मोजा नाही! तळ बाहेरच्या कडेला झिजलेला. म्हणजे कोणाचातरी वापरून झालेला बूट, पिशवी फुटली असणार म्हणून काढून टाकली, फोम भरला, पुसून पॅक केला आणि नवा म्हणून पाठवला. शिळी कढी ताजी म्हणून वाढली.

नशीब एवढंच की पुढच्या एक्स-रेमध्ये हाड सरकलेलं नव्हतं. पण टाचेला फोड आला होता तो भरून येईपर्यंत बूट नीट घालता येईना. माझं एक वेळ सोडा, डायबेटिसमुळे ज्यांच्या पावलांना संवेदना कमी असते त्यांना असा फोड कळलाच नसता आणि तिथे जखम चिघळायला वेळ लागत नाही.

विकणाऱ्यांची तऱ्हा ऐका. आधी म्हणाले जोरात पंप मारा. मग म्हणाले तुमची साइज चुकली. कापलेल्या नळीचा फोटो पाठवल्यावर म्हणाले की हायजीनमुळे वापरलेला माल आम्ही परत घेत नाही. हे कोण म्हणतंय, ज्यांनी दुसऱ्याच्या पायातला काढून मला पाठवला ते! त्यानंतर चॅटला उत्तरच बंद. आणि मग अचानक एक फोन, रिफंड डिपार्टमेंटमधून बोलतोय, एक अ‍ॅप टाका, स्क्रीन शेअर करा, ओटीपी सांगा. बहीण शेजारी बसली होती, तिने फोन हिसकावून घेतला आणि जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. रिफंड द्यायला ओटीपी लागत नाही, स्क्रीन शेअर तर नाहीच नाही. हा माणूस त्यांचाच होता की माहिती विकली गेली होती देव जाणे.

पैसे मी कार्डाने भरले होते म्हणून बँकेकडे डिस्प्यूट टाकला, फोटो आणि चॅट जोडले, फिजिओंनी दोन ओळी लिहून दिल्या. ते अजून चालू आहे. दुसरा बूट हॉस्पिटलच्या ऑर्थो विभागातून घेतला, तिथे समोर फुगवून दाखवला.

बूट घरी आला की पायात घालायच्या आधी हे करा. अस्तर बाहेर काढा, पिशवी डोळ्यांनी बघा. पाय न घालता पंप मारा, खरा असेल तर थोड्या वेळाने गोळा दाबायला जड जायला लागतो, माझा पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच मऊ होता. फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ पडला असेल तर व्हॉल्व्हपाशी साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की गळती. टाचेचा खड्डा पडलेला असेल किंवा वेल्क्रोत केस-धागे असतील तर घालूच नका, तसाच परत पाठवा. हे सगळं होताना व्हिडिओ काढा, पार्सल फोडल्यापासून.

आणि चांगला बूट मिळाला तरी हवा ठासून भरू नका. बोटं गार पडली, निळसर दिसली, मुंग्या आल्या तर लगेच हवा सोडा, तरी थांबलं नाही तर डॉक्टर. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली तर वाट बघत बसू नका, रक्ताची गुठळी असू शकते. विमानात वर गेल्यावर पिशवीतली हवा फुगते, तेव्हा थोडी सोडावी लागते. दुसऱ्या पायात जाड तळाचा बूट घाला नाहीतर कंबर धरते.

ढिल्या बुटात जादा मोजे कोंबून काम भागवा असा सल्ला मला त्याच विकणाऱ्याने दिला होता. तसलं काही करू नका, बूट घेऊन सरळ डॉक्टरांकडे जा.