सिक्युरिटी सूट घ्यावा की नुसता अँटिव्हायरस?

म्हापशाच्या दुकानातल्या जुन्या संगणकावर मी आधी अख्खा सिक्युरिटी सूट टाकला होता. अँटिव्हायरस, फायरवॉल (नेटवरून येणारी नको ती जोडणी अडवणारी), व्हीपीएन (नेटवरची ये-जा झाकणारं), पासवर्ड मॅनेजर, सगळं एकाच वर्गणीत. पण रॅम अवघी ४ जीबी, संगणक रखडायचा! शुक्रवारच्या बाजाराला बिल निघेपर्यंत गिऱ्हाईक पिशवी उचलून चालू लागायचं. आता तिथे नुसता अँटिव्हायरस आहे. फायरवॉल विंडोजची स्वतःची असतेच. खरं तर डिफेंडर हा विंडोजचा अँटिव्हायरसही त्यातच फुकट येतो.

घरी मात्र सूटच. तीन मोबाइल, दोन लॅपटॉप आणि दिसेल त्या लिंकवर बोट ठेवणारी मुलगी. पाच यंत्रांचा एकच परवाना घेतला की वेगवेगळ्या खरेदीपेक्षा स्वस्त पडतो. फक्त नूतनीकरणाचा दर आधी विचारा, पहिल्या वर्षाची सवलत पुढे बहुधा मिळत नाही.