हिस्टामाईन टेस्टिंग: स्ट्रिप, एलायझा की एचपीएलसी?

हिस्टामाईन म्हणजे मासा, चीज, वाइनमध्ये बॅक्टेरियामुळे तयार होणारा पदार्थ, जास्त झाला की खाणाऱ्याला त्रास होतो. तो मोजायचं किट मागवायच्या आधी एकच ठरवा, रिपोर्ट कोणाला दाखवायचाय.

ट्यूना किंवा बांगड्याचा माल दारात उभा आहे आणि घ्यायचा की परत पाठवायचा एवढंच बघायचंय, तर स्ट्रिप बेस्ट. मासा बारीक करा, पाण्यात एक्स्ट्रॅक्ट काढा, स्ट्रिप बुडवा, काही मिनिटांत कळतं. फक्त एक लक्षात ठेवा, बऱ्याच स्ट्रिपमध्ये हिस्टामाईन वाढलं की टेस्ट लाईन फिकी होते, म्हणजे लाईन गडद दिसली तर माल ठीक, आणि नवीन माणूस नेमका इथेच उलटं वाचतो.

रोज ढिगाने सॅम्पल येत असतील तर एलायझा, म्हणजे अँटिबॉडीने (ठरावीक रेणूला चिकटणाऱ्या प्रोटीनने) पदार्थ पकडून मोजायची टेस्ट. ९६ खणांची प्लेट, एकदम बरीच सॅम्पल होतात आणि हातात आकडा मिळतो. पण हिस्टामाईनचा रेणू इतका छोटा की अँटिबॉडीला तो नीट पकडता यावा म्हणून बऱ्याच किटमध्ये आधी त्याला रासायनिक शेपूट जोडावं लागतं, या स्टेपला पिपेट हलली की आकडाही हलला. आणि किट माशासाठी तपासलेलं असेल तर ते वाइनला चालेलच असं धरू नका, रेड वाइनचा रंग खासकरून रंग बदलून आकडा देणाऱ्या एन्झाईम किटला (ही एलायझापेक्षा वेगळी) त्रास देतो.

एक्स्पोर्ट किंवा भांडणाचा मामला असेल तर मात्र एचपीएलसीच, म्हणजे मशीनमध्ये मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजायची लॅब पद्धत. महाग आहे, शिकलेला माणूस लागतो, पण युरोपात कायद्याने हीच पद्धत धरतात आणि माशांसाठी आयएसओ १९३४३ हे स्टँडर्डही आहे. वाइन, चीजसाठीही मी हीच घेईन, कारण टायरामाईन, कॅडाव्हरिन हे हिस्टामाईनचे भाऊबंदसुद्धा एकाच रनमध्ये दिसतात.

पण खरी गोची सॅम्पलिंगमध्ये आहे! एकाच माशात एका तुकड्यात भरपूर आणि दुसऱ्यात जवळपास काहीच नाही असं होतं, म्हणून तर युरोपचा नियम एका लॉटमधून ९ सॅम्पल घ्यायला लावतो, सरासरी किलोला १०० मिग्रॅच्या आत, १०० ते २०० मध्ये जास्तीत जास्त २, आणि २०० च्या वर एकही नाही. शिजवून किंवा फ्रीज करून झालेलं हिस्टामाईन जात नाही, त्यामुळे इथे चुकलं तर पुढे सुधारायला जागाच नाही, थेट खाणाऱ्याच्या अंगावर येतं.

बजेट कमी असेल तर एक-दोन सॅम्पलची महाग टेस्ट करण्यापेक्षा स्ट्रिपवर जास्त मासे बघा, आणि लिमिटच्या आसपास आलेले तेवढे एचपीएलसीला पाठवा, तेही गोठवूनच, नाहीतर वाटेतच बॅक्टेरिया आकडा वाढवून ठेवतील.