कायरोप्रॅक्टरकडून घरी आल्यावर: बर्फ, शेक, तेल की नुसतं चालणं?

कायरोप्रॅक्टरने, म्हणजे हाताने झटका देऊन मणके-सांधे मोकळे करणाऱ्याने, कंबर ‘कट्’ करून मोकळी केली, निघताना एकदम हलकं वाटलं आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला बऱ्याच वर्षांनी शंभर बैठका मारल्यासारखं अंग ठणकायला लागलं. असं बऱ्याच जणांना होतं. सहसा २४ ते ४८ तासांत ते आपोआप ओसरतं. त्यामुळे पुढचे सगळे उपाय ते दोन दिवस जरा सुखाचे जावेत एवढ्यासाठीच.

घरात पहिला वाद गार की गरम. आमच्या सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. लोखंडी तव्यावर जाडं मीठ आणि मूठभर ओवा चटचट वाजेपर्यंत भाजायचा, जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची आणि मग कमरेवर टेकवत जायचं. त्या वासानेच निम्मं दुखणं पळतं, हे मीही कबूल करते. शेकाने रक्तपुरवठा वाढतो, आखडलेला स्नायू सैल पडतो. पण पहिल्या संध्याकाळी, हात लावला तरी जागा गरम किंवा सुजल्यासारखी लागत असेल, तेव्हा शेकाने ठणका वाढू शकतो. तिथे बर्फ सरस, कारण तो जागा बधिर करतो. मध्ये पंचा ठेवून १० ते १५ मिनिटं पुरतात. मानेला फ्रीजरमधल्या मटारची पिशवी सगळ्यात छान बसते, फक्त नंतर ते मटार उसळीत टाकू नका.

बर्फाचंही फार कौतुक नको. विश्रांती, बर्फ, दाब आणि अवयव उंचावर ठेवणं हे सूत्र १९७८ साली मांडणारे अमेरिकेतले डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे सांगितलं की बर्फाने भरून यायला उलट उशीर होऊ शकतो. मी तो वेदनेपुरता, पहिल्या रात्री एकदोनदा लावते आणि दुसऱ्या दिवसापासून पुरचुंडीवर येते. डिसेंबरातल्या पुण्याच्या थंडीत मात्र बर्फाचं नावही काढत नाही. अंग कुडकुडून आणखी आखडायचं, त्यापेक्षा काहीच न केलेलं बरं. आणि गरम पाण्याची रबरी पिशवी पाठीखाली घेऊन झोपू नका. माझ्या पाठीवर आठवडाभर लाल चट्टा होता.

तेलाच्या बाबतीत मी एकदा शहाणपणा केला. उपचार सकाळी आणि ‘आता हात फिरतोच आहे तर’ म्हणून संध्याकाळी जोरदार मालिश. दुसऱ्या दिवशी कूस बदलताना डोळ्यांत पाणी आलं. नुकत्याच हाताळलेल्या स्नायूंना त्याच दिवशी रगडायचं नसतं. तिसऱ्या दिवशी कोमट तिळाचं तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही.

अंघोळीच्या पाण्यात घालायचं एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) मेडिकलमध्ये मिळतं. गरम पाण्याने बरं वाटतं ते खरं, पण त्यातलं मॅग्नेशियम कातडीतून आत जातं याला भक्कम पुरावा नाही. शिवाय आपण बादलीभर पाण्यात अंघोळ करणारी माणसं, टब आणायचा कुठून?

गोळी घ्यायचीच तर पॅरासिटामॉल पोटाला सोपी. आयबुप्रोफेन खाऊनच घ्या. आम्लपित्त, किडनीचा त्रास, बीपी किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. दुखण्यावरचं जेल किंवा बाम चोळला की त्यावर शेक नाही, कातडी भाजते.

आता ज्याला पैसे पडत नाहीत ते. पडून राहणं की चालणं, यात माझं मत पूर्णपणे चालण्याच्या बाजूने आहे. दिवसभर लोडाला टेकून मोबाईल बघितला की संध्याकाळी उठताना कंबर लाकडासारखी होते. दर तासाला घरातल्या घरात पाच मिनिटं फिरा, सकाळी सारसबागेत सपाटीवर दोन फेऱ्या मारा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या पुढच्या आठवड्यात. आणि उपचाराच्या दिवशी स्कूटर घरीच ठेवा. गतिरोधक आणि खड्डे चुकवत आल्यावर बर्फ लावायचा की शेक घ्यायचा, ही चर्चाच फोल. रिक्षाही हादरे देतेच, पण निदान हँडल धरून खांदे ताणावे लागत नाहीत.

तिसऱ्या दिवशीही दुखणं तेवढंच असेल, तर पुढची वेळ घेण्याआधी उपचार करणाऱ्याला तसं सांगा. पुढच्या खेपेला जोर कमी करता येतो. मात्र मानेवर उपचार झाल्यावर अचानक कधी नव्हे इतकी मान किंवा डोकं दुखणं, चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोबडी वळणं, एका बाजूला बधिरपणा, किंवा कमरेवर उपचार झाल्यावर पायातली ताकद जाणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, यातलं काहीही झालं तर तवा तापवत बसू नका. १०८ ला फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.