इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आणि उकडलेली अंडी: दिवाळी ते आषाढ

कुकर घेतला दिवाळीच्या सेलमध्ये, आता आषाढ संपत आलाय. सहा लिटरचा, हजार वॉटचा, आतलं भांडं स्टीलचं. डाळ, राजमा, मटण यांबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं सापडतं, म्हणून मी फक्त अंड्यांबद्दल लिहिते. आमच्याकडे हा कुकर सगळ्यात जास्त अंड्यांसाठीच चालतो. भाचा पोलीस भरतीच्या तयारीसाठी आमच्याकडे हडपसरला राहतो, पहाटे ग्राउंडवरून आला की त्याला अंडी समोर लागतात. मुलगी जिमला जाते, तिची वेगळी. आठवड्याला दोन ट्रे सहज संपतात.

आधी मुद्द्याचं सांगते. वेळ वाचेल म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. प्रेशर तयार व्हायला सात-आठ मिनिटं, मग शिजायची चार, मग वाफ जिरायची चार, मग गार पाण्यात पाच. गॅसवर पातेल्यात एवढ्याच वेळात अंडी होतात, चार अंडी असतील तर लवकरच होतात. मला हा कुकर आवडतो तो दोन कारणांसाठी. बटण दाबलं की मी मोकळी, पोळ्या लाटताना "पाणी आटलं का?" म्हणून डोकवायला नको. आणि अंडी सोलली जातात. नीट, गुळगुळीत, पांढऱ्याचे लचके न तुटता. ज्यांनी ताज्या अंड्यांचा अख्खा ट्रे नखांनी कुरतडत सोललाय त्यांना हे दुसरं कारण एकटंच पुरेल.

सुरुवातीला भाचा रोज विचारायचा, "मामी, याच्या किती शिट्ट्या?" शिट्ट्या होतच नाहीत. झाकणावरची बारीक पिन वर येते आणि मग घड्याळ सुरू होतं. आपल्या नेहमीच्या शिट्टीच्या कुकरमध्ये अंडी उकडायचं मी केव्हाच सोडलं होतं, कारण एक शिट्टी म्हणजे नक्की किती वेळ हे गॅसची आच, पाणी आणि त्या दिवशी शिट्टी कशी बसलीय यावर असतं. शिवाय अॅल्युमिनियमचा कुकर नुसत्या पाण्यानं आतून काळा पडतो, त्यासाठी लिंबाची साल नाहीतर चिंचेचं बुटूक टाकायचं लक्षात ठेवायला लागतं. इथे भांडं स्टीलचं असल्यानं ती कटकट नाही. बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी असेल तर तळाला पांढरे डाग पडतात, व्हिनेगरचा एक हात फिरवला की जातात.

आता मिनिटांचं गणित. यावर जरा जास्त लिहिते, कारण सगळी गंमत इथेच आहे. इंटरनेटवर 5-5-5 नावाची पद्धत प्रसिद्ध आहे: पाच मिनिटं हाय प्रेशर, पाच मिनिटं वाफ आपोआप जिरू द्यायची, पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात. कुकरबरोबरच्या पुस्तिकेतही तेच होतं. पद्धत चुकीची नाही, पण ती अमेरिकन अंड्यांची आहे. तिकडचं 'लार्ज' अंडं साधारण 57 ग्रॅमचं धरतात, शिवाय तिथे अंडी धुऊन विकतात म्हणून ती फ्रीजमध्येच ठेवावी लागतात. म्हणजे कुकरमध्ये जाताना अंडं मोठंही असतं आणि थंडगारही. आपल्याकडे अॅगमार्कच्या प्रतवारीत 53 ते 59 ग्रॅम म्हणजे लार्ज आणि 45 ते 52 ग्रॅम म्हणजे मीडियम. आमच्या दुकानातून येणारी अंडी वजनकाट्यावर ठेवली की 48-50 च्या आसपास भरतात. तीही दुकानात उघड्यावरच्या ट्रेमधली. मे महिन्यात आमचं स्वयंपाकघर कसं तापतं ते मी सांगायला नको. लहान आणि आधीच कोमट असलेल्या अंड्याला पाच अधिक पाच मिनिटं म्हणजे शिक्षाच. बलक कोरडा, घशात अडकणारा, आणि भोवती ती हिरवट-करडी कड. मेसमधल्या अंडाकरीत दिसते तीच. ती विषारी वगैरे नसते. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांचा संयोग होतो आणि जास्त वेळ जास्त उष्णता मिळाली की तो रंग दिसायला लागतो. पण खायला मजा येत नाही आणि वासही येतो.

हाय प्रेशरला या कुकरमध्ये वाफेचं तापमान 115 ते 118 अंशांच्या घरात असतं. बलक घट्ट व्हायला 70 अंश पुरतात आणि पांढरं 80 च्या आसपास पूर्ण बसतं. त्यामुळे इथे एका मिनिटाचा फरकही अंडं कापल्यावर डोळ्यांना दिसतो. माझं आता बसलेलं प्रमाण असं: दुकानातलं नेहमीचं अंडं, फ्रीजबाहेरचं, तर हाय प्रेशरला चार मिनिटं, मग चार मिनिटं वाफ जिरू द्यायची, मग उरलेली वाफ सोडून लगेच पाण्यात. फ्रीजमधलं असेल तर पाच आणि चार. गावरान अंडं आकारानं लहान, त्याला तीन आणि तीन. भाच्याला बलक मधोमध किंचित ओलसर आवडतो, त्याच्यासाठी नेहमीच्या अंड्याला तीन आणि चार.

यात एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. घड्याळ प्रेशर आल्यावर सुरू होत असलं तरी अंडं त्याच्या आधीच शिजायला लागलेलं असतं. पाणी उकळून वाफ भरू लागली की सुरुवात झालीच. म्हणून प्रेशर यायला किती वेळ लागतो याला महत्त्व आहे. पाणी रोज तेवढंच घालायचं, मी एक कप घालते. एक दिवस घाई म्हणून गीझरचं गरम पाणी आणि दुसऱ्या दिवशी माठातलं, असं केलं तर तीच चार मिनिटं दोन वेगळे निकाल देतात. अंडी सहा असोत की अठरा, शिजायची मिनिटं बदलत नाहीत. वाफ प्रत्येकाला सारखीच लागते. फक्त प्रेशर यायला थोडा जास्त वेळ लागतो. सहा लिटरमध्ये बारा-चौदा अंडी जाळीवर एका थरात बसतात. वर दुसरी जाळी ठेवून दुसरा थरही लावता येतो, पण तळाच्या पाण्यात अंडी बुडायला नकोत.

सोलण्याबद्दल. ताज्या अंड्याचं पांढरं आतल्या पातळ पापुद्र्याला चिकटून बसतं. अंडं जुनं होत जातं तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड टरफलाच्या छिद्रांतून बाहेर पडतो, पांढऱ्याची आम्लता कमी होते आणि पापुद्रा सुटायला लागतो. म्हणून आठवडाभर जुनी अंडी पातेल्यातही बरी सोलली जातात. कुकरमध्ये मात्र आदल्या दिवशी आणलेलीही सोलली जातात, हा माझा महिनोन् महिन्यांचा अनुभव. अंड्याचा बोथट भाग ओट्यावर हलकेच आपटायचा, तिथे हवेची पोकळी असते. तडा गेला की अंगठा पापुद्र्याखाली सरकवायचा. बरेचदा टरफल दोन-तीन मोठ्या तुकड्यांत पापुद्र्यासकट निघून येतं आणि खाली अंडं ओलं, चकचकीत, बोटातून निसटणारं. अगदी घातलं त्याच दिवशीची गावरान अंडी मात्र इथेही त्रास देतात. त्यांना तीन-चार दिवस बसू द्या.

गार पाण्याची पायरी गाळू नका. बाहेर काढलेलं अंडं स्वतःच्याच उष्णतेनं शिजत राहतं. हिवाळ्यात नळाचं पाणी चालतं, दोनदा बदललं की झालं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच इतकं गरम येतं की त्यात अंडी ठेवून काही होत नाही, तेव्हा फ्रीजमधली बाटली आणि बर्फाचा एक ट्रे. आणि 'कीप वॉर्म', म्हणजे शिजून झाल्यावर गरम ठेवायची सोय, आठवणीनं बंद करा. बहुतेक कुकरमध्ये ते आपोआप सुरू होतं आणि तुम्ही फोनवर बोलत बसलात की इकडे हिरवी कड तयार.

तडे जातात का? जातात, अधूनमधून एखाद्याला. टरफलात आधीच बारीक चीर असली तर तिथून पांढऱ्याचा कोंब बाहेर येतो, एवढंच. शिजल्याबरोबर वाफ एकदम सोडली तर तडे जास्त जातात, कारण बाहेरचा दाब एकाएकी उतरतो आणि आतली वाफ, हवा फुगते. मधली चार मिनिटं त्यासाठीही आहेत. कुकर पूर्ण पडेपर्यंत थांबायचं नाही आणि लगेच वाफही सोडायची नाही.

आता तक्रारी. पहिली रिंगची. झाकणातली सिलिकॉनची रिंग वास धरून ठेवते, आणि अंडी, मटण, लसूण असं सगळं एकाच रिंगवर झालं की साध्या भातालाही तो वास लागतो. आमच्याकडे सासूबाई अंडं खात नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वरणाचा घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, याला कसला वास येतोय?" मी रिंग दोनदा घासली होती, तरी. मग अंड्यांसाठी वेगळी रिंग आणि वेगळं भांडं घेतलं. त्यांच्या वरण-भाताची रिंग पांढरी, अंड्यांची निळी. ज्यांच्या घरी एक जण जरी शाकाहारी असेल त्यांनी किमतीत हा खर्च आधीच धरावा. कुकर झाला की झाकण उलटं ठेवायचं आणि रिंग काढून उन्हात टाकायची, तेवढ्यानं वास बराच कमी होतो. पूर्ण जात नाही.

दुसरी तक्रार सुटे भाग मिळण्याची. शिट्टीच्या कुकरची रिंग कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात मिळते. याची नाही मिळत. ऑनलाइन मागवलेली रिंग सैल निघाली, सर्व्हिस सेंटरनं "येईल, येईल" म्हणत कितीतरी दिवस झुलवलं. कंपनीचं नाव घेत नाही, पण तुम्ही घ्याल तेव्हा दुकानदाराला दोन जादा रिंग लगेच मागा.

तिसरी विजेची. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे सगळ्यांना माहीत आहे. मधेच गेली तर माझा कुकर परत वीज आल्यावर आपणहून सुरू होत नाही. प्रेशर आल्यानंतर गेली असेल तर मी झाकण तसंच ठेवून दहा मिनिटांनी काढते, आतली उष्णता पुरते. प्रेशर यायच्या आधी गेली तर अंडी काढून सरळ गॅसवर. बिलाची काळजी करू नका, एका खेपेला पाव युनिटही लागत नाही.

अंडी धुवायची ती कुकरमध्ये टाकण्याच्या अगदी आधी. आणल्या आणल्या धुऊन ठेवली तर टरफलावरचं नैसर्गिक आवरण जातं आणि ती लवकर खराब होतात. उकडलेली अंडी टरफलासकट फ्रीजमध्ये आठवडाभर राहतात. सोललेली मात्र त्याच दिवशी संपवावीत.

एक जादा उपयोग हल्लीच सापडला. सँडविच किंवा कोशिंबिरीसाठी अंडी बारीक चिरायचीच असतील तर सोलायची गरजच नाही. पसरट स्टीलच्या डब्याला तेलाचा हात लावायचा, सहा अंडी फोडून तशीच सोडायची, वर झाकणी ठेवून पाच मिनिटं हाय प्रेशर. ढोकळ्यासारखी थापी निघते, ती सुरीनं चौकोनी चिरायची. मुलीच्या मैत्रिणींना फार आवडते. दिसायला विशेष नाही, कांदा-कोथिंबीर टाकली की कुणी विचारत नाही.

हाफ बॉईल मात्र यात करू नका. वाहता बलक आणि बसलेलं पांढरं हे दोन्ही एकाच वेळी जमायला जी अर्ध्या मिनिटाची नजर लागते ती या कुकरला नाही. पाऊण मिनिट इकडेतिकडे झालं की पांढरंच थुलथुलीत राहतं, नाहीतर बलक बसून जातो. त्यासाठी आमच्याकडे अजूनही गॅसवर छोटं पातेलं आणि समोर उभं राहणं.