व्हीसीपीच्या नावाखाली ७२ हजार

व्हर्च्युअलायझेशनचं (एकाच मशीनवर अनेक सर्व्हर चालवण्याच्या तंत्राचं) सर्टिफिकेट करून सर्व्हर टीममध्ये किंवा डेटा सेंटरला लागायचं असं ज्यांच्या मनात आहे आणि त्यासाठी पुण्यात क्लासेसची चौकशी चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ‘व्हीएमवेअर व्हीसीपी, परीक्षेसकट, जॉब गॅरंटीसकट’ असं सांगून माझ्याकडून ७२ हजार घेतले गेले. व्हीसीपी म्हणजे व्हर्च्युअलायझेशनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरचं ‘सर्टिफाइड प्रोफेशनल’ हे सर्टिफिकेट. हातात पडला सोनेरी स्टिकर लावलेला एक जाड कागद, त्यावर संस्थेच्याच डायरेक्टरची सही. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार ग्राहक आयोगात आहे. शिवाय या लोकांना पाटी बदलायला एक रात्र पुरते, पद्धत मात्र तीच राहते.

मी बार्शीचा. बीसीए करून पुण्यात डेस्कटॉप सपोर्टला लागलो. प्रिंटर अडकला, पासवर्ड विसरला, आउटलुक उघडत नाही, असलं काम. त्याच मजल्यावर सर्व्हर टीम बसायची. त्यांच्या स्क्रीनवर चाळीसेक सर्व्हर दिसायचे आणि खाली रॅकमध्ये मशीन्स मोजून चार. एकेका मशीनवर हायपरवायझर, म्हणजे एका मशीनचे अनेक सर्व्हर करणारं सॉफ्टवेअर, आणि त्यावर दहा-दहा सर्व्हर. हे शिकायचं असं मी ठरवलं, आणि ते ठरवणं चांगलंच होतं.

ही गोष्ट २०२४ च्या सुरुवातीची. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम या कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली होती. कायमची लायसन्स विकणं बंद झालं, फुकट मिळणारा ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा हायपरवायझर) फेब्रुवारीत बंद झाला, सर्टिफिकेटचे नियमही हलायला लागले होते. नक्की काय चालू आहे आणि काय बंद, हे आत काम करणाऱ्यांनाही पटकन सांगता येत नव्हतं. असा गोंधळ क्लासेसच्या या धंद्याला मानवतो.

समुपदेशनाच्या केबिनमधल्या मॅडम साफ खोटं काही बोलल्याच नाहीत, हे मला फार नंतर कळलं. त्या म्हणाल्या, “सर, व्हीसीपीला ऑफिशियल कोर्स कंपल्सरी आहे. घरी अभ्यास करून परीक्षा पास झालात तरी सर्टिफिकेट मिळत नाही. इथेच बसून गूगल करून बघा.” मी बघितलं. त्या वेळी नियम खरंच तसा होता. पण तो कोर्स व्हीएमवेअरच्या अधिकृत प्रशिक्षण भागीदाराकडेच करावा लागतो, तो पाच दिवसांचा असतो आणि झाला की त्याची नोंद तुमच्या व्हीएमवेअरच्या खात्यात येते, यातलं एक अक्षर त्या बोलल्या नाहीत. त्यांचा कोर्स चार महिन्यांचा होता. भागीदारांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. भिंतीवर लोगो मात्र भलामोठा, आणि लोगो काय, कुठलाही फ्लेक्सवाला छापून देतो.

मी व्हीसीटीएबद्दलही विचारलं होतं. व्हीसीपीच्या खालची पायरी, नवख्यांसाठीच काढलेली. तिला कोर्सची अट नव्हती, परीक्षेची फी १२५ डॉलर. व्हीसीपीची २५०. मॅडम हसल्या. “सर, व्हीसीटीएला मार्केटमध्ये कोण विचारतं? करायचंच तर प्रोफेशनल करा ना.” अनुभव शून्य असलेल्या पोराला थेट प्रोफेशनल पायरी विकायची, कारण १२५ डॉलरच्या परीक्षेभोवती ७२ हजारांचं पॅकेज उभं राहत नाही.

“एवढे पैसे एकदम नाहीत,” म्हटल्यावर “नो कॉस्ट ईएमआय आहे ना, महिन्याला फक्त सहा हजार,” असं उत्तर आलं. माझ्या हातातला फोन मॅडमनी ‘एक मिनिट’ म्हणून घेतला, एक ॲप टाकलं, आधार, पॅन, सेल्फी, आणि चार-पाच वेळा “सर, ओटीपी सांगा.” हा हप्त्यांचा फॉर्म आहे असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात माझ्या नावावर एका वित्त कंपनीचं कर्ज झालं होतं. वित्त कंपनीने रक्कम संस्थेच्या खात्यात त्याच आठवड्यात टाकली आणि माझ्या बँकेतून दर महिन्याला परस्पर हप्ता कापायची परवानगीही त्याच ओटीपींमध्ये गेली. म्हणजे मला शिकवलं काय, नाही शिकवलं काय, संस्थेचे पैसे वसूल. वर्गात कुणी भांडायला लागलं की शांतपणे सांगायचे, “तुमचा हप्त्याचा विषय त्या कंपनीशी आहे, आमच्याशी नाही.”

वर्गाचं सांगतो, कारण फसवणूक खरी तिथे दिसते. नोट्स म्हणून स्पायरल बांधलेलं पुस्तक मिळालं. त्यातली चित्रं जुन्या वेब क्लायंटची (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायच्या स्क्रीनची) होती, जो ॲडोबी फ्लॅशवर चालायचा. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. लॅबमध्ये व्हीस्फिअर (ईएसएक्सआयसकट व्हीएमवेअरचा सगळा संच) ६.७ होतं आणि त्याचा सर्वसाधारण सपोर्ट ऑक्टोबर २०२२ मध्येच संपलेला. परीक्षा तेव्हा आठव्या आवृत्तीची चालू होती. पुस्तक एका जमान्याचं, लॅब दुसऱ्या, परीक्षा तिसऱ्या.

लॅब म्हणजे कोपऱ्यात घरघरणारा एक जुना सर्व्हर, ३२ जीबी रॅमचा, सगळ्या बॅचला मिळून. ईएसएक्सआय साठ दिवसांच्या चाचणी लायसन्सवर. मुदत संपली की होस्ट, म्हणजे ईएसएक्सआय टाकलेलं मशीन, व्हीसेंटरपासून (सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरपासून) तुटायचा, त्यावर चालू असलेली व्हर्च्युअल मशीन्स चालत राहायची, पण एखादं चुकून बंद केलं की पुन्हा चालू होत नसे. मग सर “आज थिअरी करू” म्हणायचे आणि घरी जाताना काहीतरी खटपट करून साठ दिवस पुन्हा मोजायला लावायचे.

व्हीमोशन तर विचारूच नका. चालता सर्व्हर बंद न करता एका होस्टवरून दुसऱ्या होस्टवर नेणं, हा या सगळ्या विषयाचा जीव. त्याला होस्ट दोन लागतात. आमच्याकडे एकच. त्यामुळे व्हीमोशन, एचए (एक होस्ट बंद पडला की सर्व्हर दुसऱ्यावर आपोआप चालू होणं), डीआरएस (होस्टवरचा भार वाटून देणं), जे काही शिकण्यासारखं होतं ते सगळं पीपीटीवर. शिकवणाऱ्या सरांवर माझा फार राग नाही. तेही कुठेतरी नोकरी करून संध्याकाळी तासावर यायचे, आणि त्यांचेही पैसे थकलेले होते असं एकदा चहाच्या टपरीवर त्यांच्याच तोंडून कळलं.

बॅच चालू असतानाच, २०२४ मध्येच, ब्रॉडकॉमने व्हीसीपीची कोर्सची सक्ती काढून टाकली. म्हणजे ज्या एका वाक्यावर मला ७२ हजारांना गोवलं, ते वाक्यच खोटं ठरलं. संस्थेने आम्हाला अवाक्षर सांगितलं नाही. बाहेरच्या पाटीवर ‘ऑफिशियल कोर्स अनिवार्य’ ही ओळ पुढे कित्येक महिने होती.

परीक्षेच्या व्हाउचरचं, म्हणजे फी भरल्याच्या कूपनचं, विचारलं की “प्रोसेसमध्ये आहे.” शेवटी एका संध्याकाळी समन्वयक दादांनी तिघाचौघांना बाजूला घेतलं. एक पीडीएफ पाठवली, प्रश्नोत्तरांची. “हेच येतं, जसंच्या तसं. पाठ करा.” आणि ज्यांना पाठ होणार नाही त्यांच्यासाठी दुसरी सोय: परीक्षा घरून ऑनलाइन लावायची, स्क्रीनचा ताबा दुसरीकडे द्यायचा, ‘आपला माणूस’ सोडवेल. त्याचे वेगळे आठ हजार. मी नाही म्हटलं. एकाने केलं. परीक्षा मध्येच थांबवली गेली आणि त्याच्यावर व्हीएमवेअरच्या परीक्षांची बंदी आली. या परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यूच्या ऑनलाइन परीक्षेत ओळखपत्राचा आणि तुमचा फोटो घेतात, खोली दाखवायला लावतात, कॅमेऱ्यावर माणूस बसलेला असतो. पकडला जातो तो परीक्षार्थी. ‘आपला माणूस’ कुठल्याच कागदावर नसतो. फुटलेले प्रश्न पाठ करून पास झालेल्यांचीही सर्टिफिकेटं नंतर रद्द होऊ शकतात.

माझं व्हाउचर आलंच नाही. सोनेरी कागद आला. त्यावर ‘व्हीएमवेअर व्हर्च्युअलायझेशन प्रोफेशनल’ असं ठसठशीत छापलेलं. नीट वाचा, ‘सर्टिफाइड’ हा शब्द गायब. वकिलाला विचारूनच ठेवला असेल, इतका बेमालूम.

खराडीच्या एका कंपनीत मुलाखत होती, ती मी स्वतःच मिळवलेली. समोरच्या सरांनी कागद हातात घेतला, उलटा करून बघितला आणि विचारलं, “कँडिडेट आयडी काय तुमचा? डिजिटल बॅजची लिंक आहे?” माझ्याकडे दोन्ही नव्हतं. त्यांनी अपमान केला नाही. कागद माझ्याकडे सरकवला आणि पुढचा प्रश्न विचारला, “व्हीमोशन चौदा टक्क्यांवर अडकून फेल होतंय. पहिल्यांदा काय बघाल?” दोन्ही होस्टच्या व्हीएमकर्नलचं नेटवर्क (ज्यावरून होस्ट आपापसात बोलतात) एकमेकांना पोचतंय का ते बघायचं, हे मला आज झोपेतही सांगता येईल. तेव्हा मी पीपीटीतली व्याख्या सांगितली.

तर सर्टिफिकेट म्हणजे काय, ते एकदा स्पष्ट लिहितो. जी कंपनी सॉफ्टवेअर बनवते, तिची परीक्षा तुम्ही स्वतःच्या नावाने आणि ओळखपत्राने देता, निकाल तुमच्या खात्यात येतो आणि कुणालाही तो ऑनलाइन तपासता येतो. बाकी सगळा कागद हजेरीची पावती. तेव्हाची व्हीसीपीची २व्ही०-२१.२३ ही परीक्षा ७० प्रश्नांची, १३५ मिनिटांची, ५०० पैकी ३०० ला पास अशी होती. फी थेट परीक्षेच्या साइटवर भरता येते. मधल्या माणसाची गरजच नाही. क्लास लावायचा असेल तर शिकण्यासाठी लावा, पण परीक्षेचे पैसे त्याच्या हातात देऊ नका.

नवख्याने नेमकं काय निवडावं, असं मला आता बरेच जण विचारतात. माझं मत विचाराल तर एकाच कंपनीच्या सर्टिफिकेटवर सगळं लावू नका. मायक्रोसॉफ्टने एमसीएसए हे आपलं सर्टिफिकेट जानेवारी २०२१ मध्ये बंद केलं आणि त्या नावाने फी घेणाऱ्या पाट्या पुण्यात पुढे वर्षभर टिकल्या. व्हीएमवेअरच्या किमती वाढल्यावर बऱ्याच कंपन्या प्रॉक्समॉक्स, न्यूटॅनिक्स, हायपर-व्ही हे त्याचे पर्याय तपासायला लागल्या. या सगळ्यांच्या खाली नेटवर्किंग, स्टोरेज आणि लिनक्स तेच राहतं. म्हणून मी रेड हॅटच्या आरएचसीएसएला (लिनक्सच्या सर्टिफिकेटला) लागलो. तिची परीक्षा पूर्ण प्रात्यक्षिक असते, चालत्या मशीनवर काम करून दाखवावं लागतं, पीडीएफ पाठ करून भागत नाही. सोबत जुना डेस्कटॉप घेऊन त्यात रॅम वाढवली, बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू केलं आणि प्रॉक्समॉक्स टाकलं. ते फुकट आहे. व्हीएमवेअरच शिकायचं तर वर्कस्टेशन प्रो (आपल्याच लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना मोफत आहे, कंपनीच्या ऑनलाइन हँड्स-ऑन लॅब आहेत, आणि एप्रिल २०२५ मध्ये फुकट ईएसएक्सआयही परत आलाय. फक्त ईएसएक्सआय ८ ला किमान आठ आणि सगळ्यात लहान व्हीसेंटरला चौदा जीबी रॅम लागते, त्यामुळे १६ जीबीच्या लॅपटॉपवर दोन होस्ट नि व्हीसेंटर एकत्र मांडायला जाऊ नका, डोकं फिरेल.

आता पैशांचं. पाटीवर ‘जॉब गॅरंटी’ होती, करारात ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ निघालं, आणि असिस्टन्स म्हणजे कॉल सेंटरच्या मुलाखतींचे मेसेज. बोलाचीच कढी. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. नोकरीची हमी देणारी खोटी जाहिरात त्यात मना आहे. आता पाट्यांवर ‘प्लेसमेंट ओरिएंटेड’ दिसायला लागलंय.

आधी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. तोवर फोन न उचलणारे लगेच बोलायला आले: १५ हजार परत देतो, रिव्ह्यू काढा आणि ‘तक्रार नाही’ असं लिहून द्या. मी दिलं नाही. मग जिल्हा आयोगात ऑनलाइन दाखल केलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वित्त कंपनीला वेगळं लिहिलं. तिने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. डिजिटल कर्जात सुरुवातीला एक छोटी मुदत असते, तेवढ्यात मूळ रक्कम आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ही गोष्ट केबिनमध्ये कोणी सांगणार नाही, कर्जाच्या मुख्य तपशीलपत्रात लिहिलेली असते.

हप्ते मी भरत राहिलो. बॅचमधल्या दोघांनी रागाने बंद केले, तर त्यांना वसुलीचे फोन आणि सिबिलला डाग. आमच्या आण्णांनी बार्शीहून एवढंच सांगितलं, “भांडण त्यांच्याशी कर, हप्ता चुकवू नको. उद्या घराला कर्ज काढायला गेलास तर बँक तुझं भांडण ऐकणार नाही.”

पुरावा म्हणाल तर पावतीवर ‘ट्रेनिंग फी’ एवढंच होतं, जीएसटी क्रमांकसुद्धा नाही. व्हाउचर, ऑफिशियल, गॅरंटी, हे सगळं तोंडी किंवा बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तक्रारी वाढल्यावर ॲडमिनने आपले जुने मेसेज उडवले आणि आम्हाला एकेक करून काढून टाकलं. लातूरच्या एका मुलीने मात्र महिनाभर आधीच सगळं चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल केलेलं होतं. आयोगापुढे आम्ही जे जोडलंय, त्यातला निम्मा भाग तिच्या त्या मेलमधून आलाय.