चार्जर नंतर निवडा, आधी मीटर आणि वायर बघा

आमच्या सोसायटीत पहिली इलेक्ट्रिक गाडी माझी आली, त्यामुळे पहिल्या चुकाही माझ्याच वाट्याला आल्या. शोरूममध्ये सगळी चर्चा एकाच गोष्टीवर झाली होती: 3.3 किलोवॅटचा साधा चार्जर घ्यायचा की 7.2 चा भिंतीवरचा. वायरमन आला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "मीटर रूमपासून तुमचं पार्किंग किती लांब?" हल्ली कुणी सल्ला विचारला की मीही तिथूनच सुरुवात करतो.

साधा पॉइंट की 7.2?

गाडीसोबत येणारा पोर्टेबल चार्जर 16 अँपियरच्या पॉइंटवर तासाला तीन युनिटांच्या आसपास वीज भरतो. 40 युनिटांची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर तेरा-चौदा तास लागतात. आकडा ऐकून माणूस हबकतो आणि 7.2 कडे वळतो. पण रोज बॅटरी रिकामी करतंय कोण? कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन पस्तीस-चाळीस किलोमीटर होतात. युनिटला सहा-सात किलोमीटर धरले तर सहा युनिटं झाली, म्हणजे जेमतेम दोन तास. बाकीची रात्र गाडी नुसती उभीच असते.

7.2 खरा उपयोगी पडतो तो घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या असतील तर, किंवा गाडी रोज दीडशे-दोनशे किलोमीटर पळत असेल तर. रात्री अकराला घरी येऊन पहाटे पाचला नाशिकला निघणारा माणूसही यातच आला. त्याआधी आपल्या गाडीच्या पोटातला चार्जर किती घेतो ते कागदावर पाहून घ्या. टाटाच्या टियागो ईव्हीच्या काही मॉडेलांत तो 3.3 चाच आहे, भिंतीवर 7.2 चा डबा लावला तरी गाडी 3.3 नेच भरणार. त्याच न्यायाने, गाडीचा चार्जर 7.2 चा असेल तर 11 किलोवॅटचा डबा नुसता शोभेला.

स्कूटरचा विषय एका ओळीत संपतो. बहुतेक स्कूटरना किलोवॅटच्या आत वीज लागते. चांगल्या अर्थिंगचा साधा पॉइंट पुरतो.

आता माझी चूक. "आहे की 15 अँपियरचा पॉइंट," म्हणत मी पार्किंगमधला जुनाच सॉकेट वापरला. गिझर पंधरा मिनिटं चालून बंद होतो, गाडी मात्र सलग काही तास तेवढीच वीज ओढते. चार महिन्यांत पिन काळवंडली आणि प्लास्टिकचा वास यायला लागला. आता तिथे निळा इंडस्ट्रियल सॉकेट आहे, गाडीसाठी वेगळा एमसीबी (जादा वीज ओढली की पडणारा स्विच) आहे, 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) आहे आणि अर्थिंग नव्याने केलेलं आहे. चार्जर 3.3 चा असो की 7.2 चा, हे दोन स्विच आणि अर्थिंग लागतंच. एक्स्टेन्शन बोर्डचा तर विचारही नको.

अंतराचा हिशेबही करायला हवा. 40 मीटरवर 32 अँपियर न्यायचे असतील तर 6 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये सुमारे 8 व्होल्ट वाटेतच कमी होतात, 10 च्या केबलमध्ये पाचच्या आत. 16 अँपियरला हीच घट निम्मी. म्हणजे पार्किंग लांब असेल तर 7.2 चा खर्च चार्जरमध्ये नसून केबलमध्ये असतो. चार्जर फुकट मिळाला म्हणून हुरळलेले बरेच जण केबलच्या कोटेशनपाशी अडतात.

वीज कुणाच्या मीटरची?

तीन वाटा आहेत: घरचं मीटर, गाडीसाठी वेगळं मीटर, आणि सोसायटीचा सामायिक चार्जर.

घरच्या मीटरवरून ओढणं सगळ्यांत सोपं. मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॅट ओढायची परवानगी आहे तो आकडा) अपुरा असेल तर महावितरणकडे वाढवून घ्यायचा, 3.3 साठी बऱ्याच घरांत निभतं, 7.2 साठी क्वचितच. प्रश्न येतो तो बिलाच्या टप्प्यांचा. महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे साधारण 150 युनिटं. घरचा वापर 150 असेल तर गाडी धरून 300 होतात, टप्पा ओलांडत नाही. पण दोन एसी असलेल्या घरात मे महिन्यात 350 आधीच झालेले असतात. तिथे गाडीचं प्रत्येक युनिट वरच्या, महाग टप्प्यात पडतं.

अशा घराने वेगळ्या मीटरचा विचार करावा. ईव्ही चार्जिंगसाठी दराचा स्वतंत्र गट आहे, त्यात घरगुती टप्प्यांची चढण नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीजग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते. नव्या जोडणीची मुदतही महानगरात तीन, इतर नगरपालिका हद्दीत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांवर आली. (मुदत नियमातली आहे. टेस्ट रिपोर्टमध्ये एक सही राहिली की कॅलेंडर वेगळंच चालतं.) मात्र दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार गाडी उभी असली तरी दरमहा भरावा लागतो. महिन्याला तीनशे किलोमीटर फिरणाऱ्याने या फंदात पडू नये. छतावर सोलर आणि नेट मीटरिंग (जादा सौर वीज बिलातून वजा करून देणारी सोय) असेल तर त्याच मीटरवर गाडी भरणं शहाणपणाचं.

सामायिक चार्जरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ज्यांची पार्किंगची जागा ठरलेली नाही त्यांना पर्याय नसतो, हे मान्य. पण रात्री दोनला गाडी भरली की ती हलवायला कोण उठणार? हिशेब अ‍ॅपवर ठेवला तर कंपनी आपला वाटा घेते, वहीत ठेवला तर वार्षिक सभेला विषय मिळतो. पाहुण्यांसाठी एखादा ठीक आहे, रोजच्यासाठी आपापला पॉइंट बरा.

इलेक्ट्रिक गाडी नसलेल्या सभासदांनाही पटेल असा मुद्दा भाराचा आहे. वीस गाड्या 7.2 ने एकदम भरायला लागल्या तर 144 किलोवॅट होतात, 3.3 ने 66. पहिल्या चौघांनी मोठे डबे लावून ट्रान्सफॉर्मरची शिल्लक संपवली की पाचव्याला "आता जमणार नाही" ऐकावं लागतं. म्हणून सोसायटीने ना हरकत देतानाच मर्यादा ठरवावी. आणि पॉइंट कमरेच्या वर बसवावा, तळघरात तर नक्कीच. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पार्किंगमध्ये पाणी कसं शिरलं ते पुणेकरांनी पाहिलंय.

धंद्यासाठी

इथे एकच प्रश्न विचारायचा: गिऱ्हाईक थांबतं किती वेळ?

मालवण-गुहागरकडच्या होमस्टेत माणूस रात्रभर असतो. दोन-तीन साधे पॉइंट आणि हवा तर एक 7.2, बस. कचेरीतही गाडी आठ तास उभी असते. तिथे 3.3 चे दहा पॉइंट 7.2 च्या चारांपेक्षा जास्त लोकांना उपयोगी पडतात, आणि दुपारी कुणाला गाडी हलवावी लागत नाही.

हायवेवरच्या हॉटेलचं गणित निराळं. जेवायला चाळीस मिनिटं. तेवढ्यात 7.2 वर पाचेक युनिटं जातात, म्हणजे तीस किलोमीटर. त्यासाठी कुणी गाडी वळवणार नाही. 30 किलोवॅटच्या डीसी चार्जरवर (हा गाडीच्या पोटातला चार्जर टाळून थेट बॅटरीत वीज भरतो) वीसेक युनिटं, म्हणजे सव्वाशे किलोमीटर. हा चार्जर गिऱ्हाईक आणतो. 60 चा त्याहून चांगला दिसतो, पण छोटी गाडी त्यावरही स्वतःला झेपेल तेवढीच वीज घेते. शिवाय भार वाढला की कुणी आलं नाही तरी दरमहाचा आकार वाढतो, आणि ट्रान्सफॉर्मरचा खर्च गळ्यात पडू शकतो. वीज विकायला वेगळा परवाना लागत नाही, केंद्राने 2018 मध्येच चार्जिंगला वीजविक्री न मानता सेवा ठरवलंय. मात्र सेवा म्हणून गिऱ्हाइकाच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो. चार्जर विकत घेताना तो 5 टक्के असतो.

जेवणाचं हॉटेल चांगलं चालत असेल आणि जवळच्या अंतरात दुसरा डीसी नसेल, तर मी 30 चा एक बसवेन आणि चर खणताना दुसऱ्यासाठी रिकामा पाइप टाकून ठेवेन. पेव्हर ब्लॉक पुन्हा उखडायचा खर्च मी सोसायटीत भरलाय.